नऊ बायकांची वयं

नऊ बायकांची वयं मी माझ्या हातानं बदलली. चुकून नाही, चांगली समजून-उमजून. चौतीसची चोपन्न केली, छत्तीसची छप्पन्न. जुना कागद फाडला, नवा भरला आणि वर स्वतःचीच पाठ थोपटली, की बाई, तुझ्याइतकं ह्या दवाखान्यात कुणाला कळत नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा कसा रिकामा राहिला ते सांगते.

मी दातांच्या दवाखान्यात फोटो काढते. जबड्याचे. तालुक्याच्या गावी, स्टँडमागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर आमचा दवाखाना आहे. आमचं मशीन उभं असतं. माणसानं त्याच्यासमोर उभं राहायचं, हनुवटी टेकवायची, पुढचे दात एका छोट्या दांडीवर धरायचे. मग मशीनचा हात डोक्याभोवती फिरतो आणि ह्या कानापासून त्या कानापर्यंत अख्खा जबडा एका फोटोत सपाट पसरून येतो. सगळे दात, सगळी हाडं, न उगवलेल्या अक्कलदाढासुद्धा. फिरायला काही सेकंद लागतात, पण तेवढा वेळ माणूस गप्प उभा राहील तर शपथ. हलू नका, थुंकी गिळा, जीभ टाळूला लावा, माझ्याकडं बघू नका. दिवसभर हेच. घरी गेल्यावर भाजीवाल्याला पण हलू नका म्हणते मी.

बायकांचं तर वेगळंच. कानातलं, नाकातलं, गळ्यातलं, केसांतल्या पिना, सगळं काढायला लागतं, नाहीतर फोटोत पांढरे डाग उठतात. कानातलं पंधरा वर्षं काढलेलं नसतं, ते साबण लावून काढायचं. आणि मंगळसूत्र काढायला तर एकजण तयार होत नाही. नवरा बाहेर बाकड्यावर जिवंत बसलेला असतो, तरी नाही. किती डोकं फोडणार. शेवटी मी टेबलाच्या खणात काळ्या दोऱ्याचं रीळ ठेवलं. आधी गळ्यात दोरा बांधायचा, मग मंगळसूत्र काढून मुठीत धरायचं. दोरा फोटोत उमटत नाही. ही युक्ती माझी. मॅडम तिच्यावर बेहद्द खूश होत्या.

मॅडम म्हणजे आमच्या डॉक्टरीणबाई. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, पण कामाला वाघ. तीन वर्षांमागं त्यांनी एक अभ्यास काढला. खालच्या जबड्याच्या तळाला हाडाची एक पांढरी किनार असते, लुगड्याला असते तशी. हाड धड असेल तर ती किनार जाड आणि सरळ दिसते. अंगातली हाडं झिजत चालली की ती बारीक होते आणि तिची आतली कड कुरतडल्यागत दिसते. म्हातारपणी मांडीचं हाड मोडतं, मनगट मोडतं, मणका दबतो, त्याची खबर जबडा आधीच देतो का, हे मॅडमना बघायचं होतं. दात दुखतो म्हणून तरी बाया येतात. हाडं तपासायला म्हणून कोण येतंय.

त्या मला सारख्या बजावायच्या, "फोटो बघून हाड ठिसूळ आहे असं कुणाला सांगायचं नाही. तपासणीला पाठवायचं एवढंच." ती तपासणी सोलापूरला व्हायची. तिथं एका महिन्यात मोजक्याच बायकांचा नंबर लागायचा. म्हणून मॅडमनी नियम केला. किनार बारीक आणि वय कमी, तिला आधी पाठवायचं, कारण त्या वयात हाड झिजायचं काही कारण नाही. पन्नाशीपुढची असेल तर नंबर मागं, बोलावलं की यायचं.

फोटो काढायचा मी, कागद भरायचा मी, किनार कॉम्प्युटरवर मोजायची मॅडमनी. मोजताना त्या फोटोवरचं नाव आणि वय झाकून ठेवायच्या. वय दिसलं की मन फिरतं आणि रेघ हलते, असं त्यांचं म्हणणं. वय नंतर माझ्या कागदावरून घ्यायच्या. म्हणजे सगळा भरवसा माझ्या कागदावर.

आता आमच्याकडच्या बायकांना वय विचारून बघा. "असंल की चाळीस." असंल म्हणजे काय, मी काय बाजारात कांदे तोलायलेय? आधार कार्ड काढा म्हणावं तर अख्खं गाव एक जानेवारीला जन्मलेलं. मग मी माझी पद्धत काढली. त्र्याण्णवच्या भूकंपात तुम्ही केवढ्या होता? आमच्या भागात हे सगळ्यांना सांगता येतं. भूकंपात मी दुसरीला होते, भूकंपात माझं लग्न ठरलं होतं, भूकंपात थोरला कडेवर होता. त्यावरून मी वय बसवायची. बरोबर बसायचं.

पण मग एकेक फोटो असा यायला लागला की माझंच डोकं फिरायचं. जळकोटच्या पुढं आत एक गाव आहे, तिथली एक बाई आली. उन्हानं रापलेली, समोरचे दोन दात मिश्रीनं काळे, हिरड्या सुजलेल्या. "भूकंपात मी आईच्या पोटात व्हते," म्हणाली. म्हणजे एकतीस. फोटो काढला आणि बघते तर किनार अशी बारीक, कुरतडलेली, सत्तरीच्या म्हातारीची असावी तशी. मी म्हटलं, "खरं सांगा की वो बाई. वय चोरून काय मिळतंय इथं?"

"खरंच सांगायलेय बाई," ती म्हणाली आणि हसली.

"दुसऱ्यांदा विचारायले मी."

"मग तुमीच टाका की. तुमाला म्हायती."

मी टाकलं. एक्कावन्न. हाड काय खोटं बोलतंय होय? बाई बोलेल खोटं, आधार बोलेल खोटं, हाडाला काय पडलंय. असं म्हणून मी पुढच्या बाईला हाक मारली. दीड-दोन वर्षांत अशा नऊ झाल्या.

त्या कागदावर खाली आणखी एक प्रश्न होता. छापलेला होता शुद्ध भाषेत, गर्भाशयाची शस्त्रक्रिया झाली आहे का. असं कोण बोलतं? बाहेर बाकड्यावर पुरुष बसलेले, दार नीट लागत नाही, रांग जिन्यापर्यंत. मी विचारायची, "ऑपरेशन झालंय का?" व्हय म्हणायच्या. बहुतेक सगळ्या व्हय म्हणायच्या. आमच्याकडं नुसतं ऑपरेशन म्हटलं की एकच, पोरं बंद केल्याचं. दोन-तीन पोरं झाली की ते सगळ्याच करून घेतात. म्हणून मी समोर लिहायची, कुटुंबनियोजन. एकदोघी म्हणाल्या पण होत्या, "कंचं? दोनी झाल्यात." मी म्हटलं, "एकच सांगा, लवकर." दुसरं कुठलं, हे मी विचारलं नाही. दुसऱ्याचं नावच वेगळं आहे. त्याला ऑपरेशन कुणी म्हणत नाही. त्याला म्हणतात पिशवी काढणं. आणि पिशवी काढली का, असं मी एकीलाही विचारलं नाही. विचारलं असतं तर चारचौघांत सांगितलं असतं की त्यांनी. त्यांना कुठं लाज होती. लाज मला होती, आणि घाई.

गेल्या दिवाळीनंतर माझी धाकटी बहीण आली. अणदूरच्या पुढं रस्त्यापासून आत तिचं सासर आहे. शेती आहे, दोन मुलगे आहेत, म्हशी आहेत, खाऊनपिऊन बरं घर. तिची खालची दाढ हलत होती. "आक्का, भाकरी चावत न्हाय," एवढंच फोनवर म्हणाली. मी म्हटलं, ये की मग, फोनवर मी काय दाढ धरून बसू? आली तर वाकलेली. म्हणजे पोक निघालं होतं असं नाही, पण जिना चढताना दर पायरीला भिंतीला हात लावत होती. मी म्हटलं, म्हातारी झालीस का गं. ती म्हणाली, "पाठ धरतीया." तिच्या गळ्यात मीच दोरा बांधला, मंगळसूत्र काढून तिच्या मुठीत दिलं आणि उभी केली. ती मात्र अजिबात हलली नाही. लहानपणापासून तशीच. जिथं उभी करू तिथं उभी.

फोटो पडद्यावर आला आणि माझी नजर सवयीनं तळाला गेली. किनार नव्हतीच म्हणा. होती ती भुंग्यानं खाल्लेल्या ज्वारीसारखी. माझा हात तसाच कागदाकडं गेला. वय एकतीस लिहिलं होतं. आणि खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात काय आलं असेल तर हेच, की हे वय चुकलंय.

ते चुकणारच नव्हतं. तिचं वय जगात कुणी सांगू शकत असेल तर मी. भूकंपात आमचं घर पडलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. दुसऱ्या वर्षी पत्र्याच्या शेडमध्ये ती जन्मली. पत्रे इतके तापायचे की आई ओलं धुडकं तिच्या अंगावर टाकून तिला माझ्या मांडीवर द्यायची आणि कामाला जायची. ते धुडकं वाळलं की मी परत भिजवायची. तिचं वय मी मोजलेलं नाही, मी ते सांभाळलेलं आहे.

मी फोटो मोठा केला, बारीक केला, मशीनमध्ये बिघाड आहे का बघितलं. मग दार लावून तिला विचारलं, "पाठ कवापासून दुखतीया?"

"पिशवी काढल्यापासून. सांगितलं नव्हतं का तुला?"

सांगितलं होतं. चारदा सांगितलं होतं. मी म्हणायची, काम करतीस वाकून, दुखणारच. बाम लाव.

मी तिथंच स्टुलावर बसले. पिशवी काढल्याचं मला माहीत होतं. माहीत कसं नसणार? तिला घेऊन मीच गेले होते. ती सव्वीसची होती. अंगावरून पांढरं जायचं, पाळीत पोट दुखायचं, कपडे धुताना नदीवर बायका नाकं मुरडायच्या. एका खाजगी दवाखान्यात दाखवलं तर तिथल्या डॉक्टरनं पोटाचा फोटो हातात धरला, पाहिलं न पाहिलं केलं आणि म्हणाला, पिशवीला सूज आहे, ठेवली तर पुढं कॅन्सर व्हायची भीती. दोन पोरं झालीत ना, मग कशाला ठेवता. तिच्या घरची माणसं सोयाबीनच्या राशीत अडकलेली. मीच होते तिच्याजवळ. घरात दवाखान्यातलं कळणारी मी एकटी, त्यामुळं असल्या गोष्टीत माझा शब्द शेवटचा. तिला सलाईन लावून खाटेवर घेतलं होतं तेव्हा डॉक्टर कागद घेऊन आला आणि म्हणाला, पिशवीसोबत बाजूच्या गाठीपण काढून टाकू का, म्हणजे पुन्हा पोट उघडायची भानगड नको. बाजूच्या गाठी म्हणजे अंडाशय, एवढं मला तेव्हा माहीत होतं. बायकांच्या अंगातलं जे पाणी हाडाला धरून ठेवतं ते तिथून येतं, हे माहीत नव्हतं. पण विचारलंही नाही. मी म्हटलं, काढा सगळंच, कटकट नको. आणि सही केली. माझी सही झोकात आहे, सगळे म्हणतात.

घरी आल्यावर सगळ्यांना सांगितलं, चला, पोरीची एकदाची सुटका झाली.

त्या दिवशी संध्याकाळी बहिणीला एसटीत बसवून दिलं. दाढेचं नंतर बघू म्हटलं, गोळ्या दिल्या. आणि वर येऊन कपाटातले कागद काढले. मशीनवर फोटो काढताना मी बाईनं सांगितलेलं वयच टाकायची, त्यामुळं फोटोच्या कोपऱ्यात जुनं वय तसंच होतं. कागदावर वेगळं, फोटोवर वेगळं. एकेक ताडून बघितलं. नऊ. त्यातल्या सातजणींच्या समोर माझ्याच अक्षरात कुटुंबनियोजन.

मॅडमना सांगताना माझी जीभ टाळूलाच चिकटली. त्या खुर्चीत बसून ऐकत होत्या. मला वाटलं त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, मीपण उलट काहीतरी बोलले असते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "म्हणजे ज्यांना सगळ्यात आधी पाठवायला पाहिजे होतं, त्यांनाच आपण मागं ठेवलं."

आपण म्हणाल्या त्या. तेच जास्त लागलं.

"अभ्यासाचं काय मॅडम?" मी विचारलं.

"अभ्यास मरू दे. बायका शोधा."

दुसऱ्या दिवसापासून मी फोन लावायला बसले. कागदावरचे निम्मे नंबर नवऱ्याचे, काही दिराचे, एक बंद पडलेला. फोन उचलणारा गडी विचारायचा, काय काम हाय? आता काय सांगू, तुमच्या बायकोची पिशवी काढलीय का? आधी मला हे विचारायला लाज वाटली होती ना, आता दीर, सासरे, पोरं, सगळ्यांना तोंड वर करून विचारत बसले. "व्हय, काढलीया की, लई वर्सं झाली," असं अगदी सहज सांगायचे. जणू म्हशीचं शिंग कापलंय. एकीची अठ्ठाविसाव्या वर्षी काढलेली, एकीची पंचविसाव्या. नऊपैकी आठजणींची पिशवी काढलेली निघाली. नववी सापडलीच नाही. अजून सापडलेली नाही.

जळकोटच्या पुढच्या त्या बाईचा फोन तिच्या पोरीनं उचलला. "आई झोपून हाय," म्हणाली. "पडली म्हणून."

मी स्वतः गेले. जळकोटला हायवेवर उतरून पुढं आत जीपनं. घर सापडायला वेळ लागला नाही, कडेवर पाणी घेऊन चाललेल्या बाईनं दाखवलं, "मांडी मोडलेलीचं का?" आता तिचं नाव तेच झालं होतं. ओसरीत खाटेवर ती पडलेली होती, पायाला सळई घातलेली. गोठ्यातून कडब्याची पेंडी उचलून आणताना पाय सरकला. पडली म्हणजे काय, नुसती बसली. बसता बसता हाड मोडलं. तिची सासू चुलीपाशी भाकरी थापत होती, पंचाहत्तरीची तरी असेल, पाटावरून उठली तर गुडघ्याला हात न लावता उठली. तिनं मला पाणी दिलं.

बाईनं मला लगेच ओळखलं. उठायचा प्रयत्न केला, मी नको म्हटलं. "तुमी त्या मशीनवाल्या बाई न्हवं? दोरा बांधणाऱ्या?" ती म्हणाली. "माज्या फोटोत काय निघालं व्हतं वो? मी लई वाट बघितली. सांगतो म्हणला व्हता तुमी."

मी तिला आधी पिशवीचं विचारलं. तिची पिशवी काढलेली, बाजूच्या गाठीपण, चोविसाव्या वर्षी. मी वय बदललं, म्हणून तुम्हाला तपासणीला बोलावलं नाही, बोलावलं असतं तर औषध सुरू झालं असतं आणि कदाचित हे झालं नसतं, असं सगळं एका दमात सांगितलं. मला वाटलं सांगितलं की हलकं वाटेल. कसलं हलकं वाटतंय.

ती आढ्याकडं बघत होती. तसंच बघत म्हणाली, "म्हंजी माजं वय बरूबर व्हतं."

"बरोबर होतं."

"मला बी वाटाया लागलं व्हतं, आपलंच चुकलं आसंल. माहेरी जाऊन आईला इचारलं मी. आई म्हणली, तिला म्हणावं, मी जन्म दिलाय."

तिच्या सासूनं चुलीपासून विचारलं, काय झालं म्हणून. बाई म्हणाली, "काय न्हाय, दवाखान्यातल्या हायत्या. बघाया आल्यात्या." मला तिनं वाचवलं. का वाचवलं ते मला अजून समजलेलं नाही. निघताना तिच्या पोरीनं मला हायवेपर्यंत सोडलं. सातवी-आठवीतली पोरगी, घरचं सगळं तीच करायली होती, शाळा बंद झाली होती तिची.

आठहीजणींना आम्ही सोलापूरला पाठवलं, दोन-दोन करून. बहिणीला मी स्वतः घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, मग तिच्याकडं बघितलं, मग परत रिपोर्टवरचं वय बघितलं. तिची हाडं सत्तरीच्या बाईची आहेत, असं त्यांनी तिच्यासमोरच सांगितलं. औषधं लिहून दिली. गेलेलं हाड सगळं परत येणार नाही, पण उरलेलं धरून ठेवता येईल, जड उचलायचं नाही, पडायचं नाही. दाढ काढायची झाली तरी फार जपून, नाहीतर जबडाच मोडायचा. परतीच्या एसटीत ती खिडकीपाशी बसली होती. "पडायचं न्हाय म्हणजे, कोण मुद्दाम पडतंय," म्हणाली आणि हसली. मला रडू यायला लागलं तसं मी कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून भांडले.

तिला अजून मुख्य गोष्ट मी सांगितलेली नव्हती. पिशवी काढल्यामुळं हाडं गेली हे डॉक्टरांनी सांगितलं. पण बाजूच्या गाठी राहू दिल्या असत्या तर एवढं झालं नसतं, आणि त्या काढायला हो मी म्हटलं, तिला न विचारता, हे कुणी सांगणार? आपलेच दात, आपलेच ओठ. बाहेरचं कुणी असतं तर मी दारात जाऊन तमाशा केला असता. त्या दवाखान्यात जाऊन केलाही. तिथं आता दुसराच डॉक्टर बसतो. तो म्हणाला, सहीचा कागद दाखवा. कागदावर सही माझी.

पंधरा दिवस काढले मी असेच. मग एका रविवारी तिच्या घरी गेले. ती अंगणात तूर पाखडत होती. मी सूप काढून घेतलं हातातून. तिच्या सासूला देवळात जायचं होतं, त्या गेल्यावर आम्ही दोघीच राहिलो. मी पाखडत पाखडत बोलले, तिच्याकडं न बघता. डॉक्टरनं मला विचारलं होतं, मी म्हटलं काढा सगळंच. तुला विचारायला पाहिजे होतं. तू तिथंच होतीस खाटेवर, दोन हातांवर. मला वाटलं तू गुंगीत आहेस. तुझी हाडं मी घालवली, असं म्हटलं. आणखी काय काय म्हटलं. सूप हलत होतं आणि तूर सांडत होती.

ती दाणे वेचत होती. वाकायचं नाही म्हणून सांगितलंय, तरी वाकून वेचत होती.

"मी जागी व्हते," ती म्हणाली.

मी सूप खाली ठेवलं.

"गुंगीत कुठं व्हते? अजून सुई दिलीच नव्हती. समदं ऐकू येत व्हतं. तू काढा म्हणलीस, ते बी." तिनं मूठभर दाणे माझ्या सुपात टाकले. "मला काढायचीच नव्हती आक्का. मला एक पोरगी पायजे व्हती. घरी कुणाला बोलले नव्हते, पण पायजे व्हती. थांब म्हणावं आसं लई आलं व्हतं तोंडात."

"मग म्हणली का नाहीस?" माझा आवाज चढला. "थांब एवढं म्हणायला काय होत होतं तुला? तोंड शिवलं होतं का? मी काय वाघ होते, खाल्लं असतं का तुला मी?"

तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. राग नव्हता तिच्या तोंडावर.

"हे आसं," ती म्हणाली. "तू आसं बोलतीस म्हणून."